शामोनीचा सप्ताह, १९२४ : नॉर्वेचे स्कीपटू, एक नामकरण आणि एक चुकलेली बेरीज

#थ्रेड

१/
१९२४च्या हिवाळ्यात नॉर्वेच्या स्कीपटूंचे एक लहानसे पथक फ्रान्समधील शामोनी या गावी स्पर्धेसाठी गेले. ३० जानेवारी ते ४ फेब्रुवारी या सहा दिवसांत ते चार स्पर्धांत उतरले. चारही सुवर्णपदके त्यांनी जिंकली, चारही रौप्यपदके जिंकली आणि चारांपैकी तीन कांस्यपदकेही त्यांच्याच नावावर लागली. बारांपैकी अकरा पदके एका देशाकडे!

आज या सप्ताहाची नोंद ‘पहिले हिवाळी ऑलिम्पिक’ अशी आहे. पण हे स्कीपटू घरून निघाले तेव्हा अशा नावाची स्पर्धा जगात कोठेही नव्हती. ती कधी होऊ नये, असेच त्यांच्या देशातील क्रीडाधुरीणांचे मत होते. शिवाय त्या अकरा पदकांपैकी एक पदक बेरजेतील चुकीमुळे मिळाले होते. ती चूक उजेडात यायला ५० वर्षे लागली.

२/
हा विरोध समजून घेण्यासाठी नॉर्वेचे स्कीशी असलेले नाते आधी पाहावे लागते. ‘स्की’ हा शब्दच मुळी प्राचीन नॉर्स भाषेतला. त्याचा अर्थ चिरलेल्या लाकडाची फळी. वर्षातले अनेक महिने बर्फाखाली असलेल्या त्या देशात शेजारच्या वाडीवर जायचे, शिकारीला जायचे, लाकूडफाटा आणायचा, तर पायांना या फळ्या बांधल्याशिवाय गत्यंतर नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नित्याच्या साधनाचे राष्ट्रीय प्रतीक झाले. टेलेमार्क प्रांतातील सोन्द्रे नोरहाइम १८६८मध्ये राजधानीतील स्पर्धेत उतरला आणि त्याच्या कसबाने शहरी प्रेक्षक थक्क झाले. १८८८मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेन याने आपल्या सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडले. १४ डिसेंबर १९११ रोजी रोआल्ड अमुंडसेनची तुकडी दक्षिण ध्रुवावर पोहोचली; कुत्र्यांच्या गाड्यांच्या जोडीला तेथेही स्की होत्याच.

या दोन पराक्रमांच्या मधल्या काळात, १९०५ साली, नॉर्वे स्वीडनबरोबरच्या संयुक्त राज्यातून बाहेर पडून स्वतंत्र झाला होता. नव्या राष्ट्राला स्वतःची म्हणून मिरवता येईल अशी जी थोडी धने होती, त्यांत स्कीचे स्थान फार वरचे होते.

३/
राजधानीजवळच्या होल्मेनकोलेन टेकडीवर १८९२पासून दरवर्षी स्कीचा मोठा मेळा भरत असे. नॉर्वेच्या दृष्टीने जगातील सर्वश्रेष्ठ स्कीपटू कोण, याचा निवाडा तेथेच होई. स्वीडनमध्ये व्हिक्टर बाल्क यांच्या पुढाकाराने १९०१पासून ‘नॉर्डिक क्रीडास्पर्धा’ भरू लागल्या होत्या. हे बाल्क आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे संस्थापक सदस्य, तरीही हिवाळी खेळांवर उत्तरेचाच हक्क राहावा, याविषयी ते ठाम होते.

या दोन शेजाऱ्यांचे आपसांतही नेहमी जमत असे, असे मुळीच नाही. १९०५ साली संयुक्त राज्याचा वाद पेटला असताना नॉर्वेने स्टॉकहोमच्या नॉर्डिक स्पर्धांकडे सरळ पाठ फिरवली होती. पण मध्य युरोपातील लोकांनी हॉटेले बांधून, पर्यटक जमवून आपल्या खेळाचा तमाशा मांडावा, ही कल्पना दोघांनाही सारखीच नापसंत होती.

४/
१९२१मध्ये लोझान येथे ऑलिम्पिक चळवळीची परिषद भरली. फ्रान्स, स्वित्झर्लंड, कॅनडा आदी देशांना हिवाळी खेळांसाठी स्वतंत्र व्यासपीठ हवे होते. उत्तरेकडील देशांना ते नको होते. अखेर दोन्ही पक्षांना मान तुकवता येईल असा मार्ग निघाला. १९२४चे ऑलिम्पिक पॅरिसला होणारच होते. त्या निमित्ताने फ्रान्सने हिवाळी खेळांचा एक सप्ताह भरवावा, ऑलिम्पिक समितीने त्याला आश्रय द्यावा, पण त्याला ऑलिम्पिक म्हणू नये.

अधिकृत नाव ठरले ‘हिवाळी क्रीडांचा आंतरराष्ट्रीय सप्ताह’. प्रत्यक्षात तो २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी असा बारा दिवस चालला. म्हणजे नावातला ‘ऑलिम्पिक’ हा शब्द गाळला होता आणि उरलेला ‘सप्ताह’ हा शब्दही खरा नव्हता!

या शब्दच्छलाचा उपयोग मात्र झाला. ऑलिम्पिक नसलेल्या सप्ताहाला जाण्यात तत्त्वाचा भंग होत नव्हता. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या तिन्ही देशांनी आपली पथके पाठवली.

५/
शामोनी हे आर्व्ह नदीच्या खोऱ्यातले, माँ ब्लाँ या आल्प्समधील सर्वोच्च शिखराच्या पायथ्याचे गाव. १९०१पासून मीटरगेज रेल्वे तेथवर पोहोचली होती आणि गिर्यारोहक व हौशी प्रवासी यांच्यामुळे हॉटेलांचा धंदा चांगला चालत होता. नॉर्वेजियनांना ज्याची धास्ती वाटे, नेमके तसेच हे ठिकाण.

१६ देशांचे सुमारे २५० खेळाडू जमले. अमेरिका आणि कॅनडा हे दोन देश सोडले, तर बाकी सारे युरोपीय होते. (भारताचा पहिला खेळाडू हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दिसला तो थेट १९६४ साली, इन्सब्रुक येथे.) स्त्रियांना फक्त फिगर स्केटिंगमध्ये प्रवेश होता. तेथे नॉर्वेची ११ वर्षांची एक मुलगी आठ जणींत आठवी आली. तिचे नाव सोन्या हेनी. पुढे तिने सलग तीन सुवर्णपदके जिंकली. पण तो विषय वेगळा.

६/
आता पथकाकडे वळू. टोर्लाइफ हाउग हा त्यांचा अग्रणी, वय २९, द्रामेन शहराजवळच्या लियेर भागातला. होल्मेनकोलेनची ५० किलोमीटरची शर्यत त्याने १९१८ ते १९२१ अशी सलग चार वर्षे आणि पुन्हा १९२३मध्ये जिंकली होती. त्याच्या खालोखाल टोराल्फ स्ट्रोमस्टाड आणि योहान ग्रोट्टुम्सब्रोटेन. लांब पल्ल्यासाठी योन मोर्डालेन. उडी आणि शर्यत या दोन्हींसाठी हाराल्ड ओकेर्न आणि आइनार लांडविक. केवळ उडीसाठी याकोब टुलिन टाम्स आणि नार्वे बोन्ना.

नावे परकी आहेत, उच्चारायला अवघड आहेत. पण यांतले ‘हाउग’ आणि ‘स्ट्रोमस्टाड’ हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. अखेरीस त्यांचे काम पडणार आहे.

७/
त्या काळची शर्यत आजच्यापेक्षा कितीतरी निराळी होती. आज यंत्राने दाबून तयार केलेल्या वाटेवर कृत्रिम तंतूंच्या हलक्या स्की धावतात. तेव्हा स्की हिकरी, अ‍ॅश किंवा बर्च अशा लाकडाच्या असत. लाकडात पाणी मुरू नये म्हणून तळाला डांबरासारखा वृक्षरस तापवून चोपडलेला असे. हातात वेताच्या चकत्या लावलेल्या बांबूच्या काठ्या, पायांत कातडी बूट, अंगात लोकरीचे कपडे.

खरी परीक्षा असे ती तळाला लावायच्या मेणाची. चढावर पाय रेटताना स्कीने बर्फाला घट्ट धरले पाहिजे आणि उतारावर तीच स्की सुळकन घसरली पाहिजे. मेण कमी चिकट पडले, तर चढावर प्रत्येक पावलाला माणूस मागे घसरतो; जास्त चिकट पडले, तर तळाला बर्फाचे गोळे बसतात. बर्फ कोरडे आहे की ओलसर, ताजे आहे की वितळून पुन्हा गोठलेले, यावर मेणाची निवड ठरे. आणि खोऱ्यातले बर्फ व वरच्या उतारावरचे बर्फ एकाच सकाळी वेगवेगळे असू शके. हे ज्ञान पुस्तकांतून मिळणारे नव्हते. लहानपणापासून रोज स्कीवर चालणाऱ्या माणसाच्या बोटांत ते असे. उत्तरेकडील खेळाडूंच्या वर्चस्वाचे एक मोठे कारण येथे सापडते.

आणखी एक गोष्ट. सारे स्पर्धक एकाच वेळी सुटत नसत. ठराविक अंतराने एकेक जण निघे आणि घड्याळ त्याचा निकाल लावी. शर्यतीत आपण कितवे आहोत, हे धावणाऱ्याला नेमके कळत नसे. तासन्‌तास एकट्याने, आपल्याच श्वासाच्या सोबतीने अंतर कापायचे.

८/
३० जानेवारी. ५० किलोमीटरची शर्यत, म्हणजे मॅरेथॉनपेक्षाही सुमारे आठ किलोमीटर जास्त, आणि तीही डोंगरउतारांवर.

हाउगने ती ३ तास ४४ मिनिटे ३२ सेकंदांत पुरी केली. दर किलोमीटरला साधारण साडेचार मिनिटे हा वेग लाकडी स्कीवर, माणसांनी तुडवून केलेल्या वाटेवर, पावणेचार तास टिकवायचा होता. स्ट्रोमस्टाड त्याच्या मागे सुमारे दोन मिनिटांनी, ग्रोट्टुम्सब्रोटेन आणखी दीड मिनिटाने, मोर्डालेन आणखी दोन मिनिटांनी.

त्यानंतर घड्याळे नुसतीच चालत राहिली. चौथ्या नॉर्वेजियनानंतर पाचवा स्पर्धक, स्वीडनचा टोर्केल पेर्सन, अंतिम रेषेवर नोंदला गेला तो तब्बल १६ मिनिटांच्या फरकाने. सहावा आला एर्न्स्ट आल्म. हा कोणी नवखा नव्हता. स्वीडनमधील ९० किलोमीटरची ‘वासालोप्पेत’ ही शर्यत १९२२मध्ये प्रथम भरली, तिचा पहिला विजेता हाच. म्हणजे लांब पल्ल्याच्या नामांकित स्पर्धकालाही हाउगच्या मागे वीस मिनिटांहून अधिक काळ राहावे लागले.

नॉर्वेच्या विजयाचे आश्चर्य कोणाला वाटले नसेल. त्या १६ मिनिटांनी मात्र विचार करायला लावावे. पहिल्या चौघांच्या आपसांतल्या अंतराची बेरीज पाच-सव्वापाच मिनिटे भरते. त्यांच्यात आणि उर्वरित जगात त्याच्या तिप्पट अंतर होते.

९/
२ फेब्रुवारी. १८ किलोमीटरची शर्यत. पहिला पुन्हा हाउग, १ तास १४ मिनिटे ३१ सेकंद. दुसरा ग्रोट्टुम्सब्रोटेन, ८० सेकंदांनी मागे. तिसरा मात्र फिनलंडचा तापानी निकू. त्याने मोर्डालेनला अवघ्या अर्ध्या मिनिटाने मागे टाकले. त्या सहा दिवसांत नॉर्वेजियनांच्या हातून निसटलेले हे एकमेव पदक, निदान पुढची ५० वर्षे तरी.

त्याच दिवशी गावात आणखी एक घटना घडली. १४ देशांच्या ३६ प्रतिनिधींनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची स्थापना केली. अध्यक्ष झाले स्वीडनचे लष्करी अधिकारी ईवार होल्मक्विस्ट. शर्यत किती अंतराची, उडीचे गुण कसे मोजायचे, नियम कोणाचे, हे प्रश्न आतापर्यंत होल्मेनकोलेनच्या परंपरेने सुटत असत. यापुढे ते मतदानाने सुटणार होते. बाहेर बर्फावर नॉर्वेचे खेळाडू सर्वांना मागे टाकत असताना, त्याच दिवशी, त्या खेळावरचा नॉर्वेचा एकाधिकार संपायला सुरुवात झाली. तारखांचा हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे.

१०/
४ फेब्रुवारी हा उडीचा दिवस. येथे थोडे स्पष्टीकरण हवे. त्या दिवशी उडीच्या दोन स्पर्धा होत्या. पहिली ‘नॉर्डिक कम्बाइन्ड’, म्हणजे संयुक्त स्पर्धा. हिच्यात २ तारखेच्या १८ किलोमीटर शर्यतीचे गुण आणि उडीचे गुण एकत्र करत. दुसरी केवळ उडीची.

नॉर्वेत खरा मान पहिलीला होता. दमाचा धावपटू आणि हवेत झेप घेणारा निधडा उडीपटू एकाच देहात असावा, तरच तो पूर्ण स्कीपटू, अशी तिकडची धारणा. हाउगने होल्मेनकोलेनला हीही स्पर्धा १९१९ ते १९२१ अशी तीनदा जिंकली होती. शामोनीतही निकाल वेगळा लागला नाही. हाउग पहिला, स्ट्रोमस्टाड दुसरा, ग्रोट्टुम्सब्रोटेन तिसरा, ओकेर्न चौथा. पुन्हा पहिले चारही नॉर्वेचेच.

सहा दिवसांत ६८ किलोमीटर कापून आणि संयुक्त स्पर्धेच्या उड्या मारून हाउगची तीन सुवर्णपदके झाली होती. थांबला असता तरी चालले असते. पण त्याचे नाव केवळ उडीच्या स्पर्धेतही होते.

११/
बोसों हिमनदीजवळच्या उतारावर ही उडी झाली. टुलिन टाम्स पहिला आणि बोन्ना दुसरा, याविषयी वाद नव्हता. प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा होता.

अमेरिकेच्या संघात अँडर्स हाउगेन नावाचा उडीपटू होता. नावातले साम्य पाहून फसू नये. हाउग आणि हाउगेन यांचे नाते नव्हते. पण हाउगेन जन्माने नॉर्वेजियनच, टेलेमार्कमधील बो या गावचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो अमेरिकेला गेला आणि तेथे उडीचा जागतिक उच्चांक नोंदवण्यापर्यंत त्याने मजल मारली. शामोनीतल्या त्याच्या उड्या हाउगच्या उड्यांपेक्षा चांगल्याच लांब होत्या.

मात्र स्की-उडीत नुसती लांबी पुरत नाही. हवेतली शरीराची ठेवण, तोल आणि जमिनीवर उतरण्याची सफाई यांना पंच वेगळे गुण देतात. लांबीचे गुण, पंचांचे गुण, त्यांची बेरीज, मग सरासरी, असा सारा हिशेब तेव्हा कागद-पेन्सिलीने होई. जाहीर झालेला निकाल असा : हाउग १८.०००, हाउगेन १७.९१६. फरक ०.०८४ गुणांचा. कांस्यपदक हाउगला, चौथा क्रमांक हाउगेनला.

कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही. घ्यावी तरी का? तीन सुवर्णपदके जिंकलेला माणूस चौथ्या स्पर्धेत तिसरा येतो, यात संशयास्पद असे काही नव्हतेच. जेथे संशयाला जागा दिसत नाही तेथे बेरीज कोणी पुन्हा करून पाहत नाही.

१२/
५ फेब्रुवारीला समारोप झाला. स्केटिंगमधली पदके धरून नॉर्वे पदकतालिकेत अव्वल ठरला आणि फिनलंड दुसरा. स्कीशी निगडित लष्करी गस्तीची शर्यतही त्या सप्ताहात झाली, पण तिच्यात नॉर्वेचा संघ नव्हता. ती स्वित्झर्लंडने जिंकली.

याच समारंभात गिर्यारोहणाचे एक पारितोषिक दिले गेले, ते १९२२च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेला. त्या मोहिमेत हिमप्रपाताखाली सात हमाल मरण पावले होते. पारितोषिक मिळालेल्यांच्या यादीत त्यांचीही नावे आहेत. हिमालयातील त्या सात श्रमिकांचा हिवाळी ऑलिम्पिकच्या पहिल्या समारोपाशी असा संबंध आहे, हे फारसे कोणी सांगत नाही.

१३/
यानंतर सुरू झाला नामकरणाचा भाग. शामोनीच्या यशाने फ्रेंच आणि स्विस मंडळींना बळ आले. १९२५मध्ये प्रागच्या परिषदेत हिवाळी ऑलिम्पिक स्वतंत्रपणे भरवण्याचा निर्णय झाला. १९२६मध्ये लिस्बन येथे ऑलिम्पिक समितीने शामोनीच्या सप्ताहाला मागाहून ‘पहिले हिवाळी ऑलिम्पिक’ ही मान्यता दिली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये नॉर्डिक क्रीडास्पर्धा भरल्या, त्या शेवटच्याच.

घटनेनंतर दोन वर्षांनी तिचे नाव बदलावे आणि सहभागी झालेल्यांना आपण कशात भाग घेतला होता हे नंतर कळावे, असे इतिहासात वरचेवर घडते. ‘पहिले महायुद्ध’ लढणाऱ्या सैनिकांनाही ते पहिले आहे, हे ठाऊक नव्हते.

पण शामोनीच्या बाबतीत एक विशेष आहे. ज्या स्पर्धेला उत्तरेकडील देशांचा विरोध होता, तिला प्रतिष्ठा मिळाली ती त्यांच्याच खेळाडूंमुळे. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड शामोनीला आलेच नसते, तर जगातले सर्वोत्तम स्कीपटू नसलेला एक पर्यटन-महोत्सव म्हणून तो सप्ताह विस्मरणात गेला असता. हाउगच्या त्या पावणेचार तासांनी स्पर्धेला वजन आणले आणि ते वजन पडले नॉर्वेच्या धुरीणांच्या विरुद्ध पारड्यात. जिंकायला गेलेल्या संघाने आपल्या देशाचा वाद हरवला, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरू नये.

नॉर्वेचे यामुळे नुकसान झाले का? तसेही म्हणता येत नाही. १९२८मध्ये सेंट मोरित्झला ग्रोट्टुम्सब्रोटेनने १८ किलोमीटर आणि संयुक्त स्पर्धा अशी दोन सुवर्णपदके जिंकली; १९३२मध्ये लेक प्लॅसिडला संयुक्त स्पर्धा पुन्हा त्यानेच जिंकली. १९५२मध्ये तर खुद्द ऑस्लोने हिवाळी ऑलिम्पिक भरवले आणि उडीची स्पर्धा होल्मेनकोलेनवर झाली. स्त्रियांची क्रॉस-कंट्री शर्यत ऑलिम्पिकमध्ये प्रथम झाली तीही याच वेळी. विरोधकांच्या गावातच सोहळा भरला.

१४/
पथकातील माणसे आपापल्या वाटेने गेली. टुलिन टाम्सने उडीच्या शैलीत मोलाची भर घातली आणि पुढे १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये नौकानयनात शिडाच्या होडीवर रौप्यपदक मिळवले. हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये पदके मिळवणारी माणसे आजही मोजकीच आहेत.

हाउगने शामोनीहून परतल्यावर त्याच हिवाळ्यात होल्मेनकोलेनची ५० किलोमीटरची शर्यत सहाव्यांदा जिंकली. डिसेंबर १९३४मध्ये न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. वय अवघे ४०. पुढे द्रामेन शहराने त्याचा पुतळा उभारला. लोकांच्या आठवणीत तो तीन सुवर्णपदकांचा आणि एका कांस्यपदकाचा धनी होता.

१५/
१९७४. शामोनीला ५० वर्षे झाली होती. जुन्या सहकाऱ्यांपैकी टोराल्फ स्ट्रोमस्टाड हयात होता, वय ७७. हाच तो, ५० किलोमीटरमध्ये आणि संयुक्त स्पर्धेत हाउगच्या मागे दुसरा आलेला. जुन्या निकालांचे आकडे पाहताना उडीच्या तक्त्यात काहीतरी जुळत नाही, असे त्याच्या लक्षात आले. त्याने ही गोष्ट नॉर्वेचे स्की-इतिहासकार याकोब वोगे यांच्या कानावर घातली. वोगे यांनी मूळ गुण घेऊन हिशेब पुन्हा केला.

बेरीज चुकली होती. हाउगचे खरे गुण १८.००० भरत नव्हते. ते हाउगेनच्या १७.९१६पेक्षा कमी होते. तिसरा क्रमांक हाउगेनचा होता.

१६/
येथे क्षणभर थांबून काय पणाला लागले होते ते पाहावे. हाउग केवळ एक जुना खेळाडू राहिला नव्हता. त्याला जाऊन ४० वर्षे झाली होती, त्याचा पुतळा उभा होता, आणि शामोनीचा सप्ताह ही नॉर्वेच्या क्रीडा-परंपरेतली एक आद्यकथा बनली होती. चूक अमेरिकेने शोधली नव्हती. तक्रार कोणाची नव्हती. ज्यांना चूक सापडली ते दोघेही नॉर्वेजियन, त्यांतला एक तर हाउगचा सहकारी. आकडे पाहून कागद पुन्हा कपाटात ठेवला असता, तर कोणालाही पत्ता लागला नसता.

कागद कपाटात गेला नाही. प्रकरण आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीकडे गेले, समितीने दुरुस्ती मान्य केली आणि निकाल बदलला.

१७/
सप्टेंबर १९७४मध्ये ऑस्लो येथे एक छोटासा समारंभ झाला. ८५ वर्षांचे अँडर्स हाउगेन अमेरिकेहून आले होते. शामोनीतल्या त्या उडीचे कांस्यपदक त्यांना देण्यात आले, तेही टोर्लाइफ हाउगच्या मुलीच्या हस्ते.

स्की-उडीत अमेरिकेला मिळालेले हे पहिले ऑलिम्पिक पदक. २०२२च्या बीजिंगपर्यंत त्या खेळात त्यांच्या खात्यावर दुसरे पदक जमा झालेले नव्हते. टेलेमार्कहून गेलेल्या एका स्थलांतरिताने मिळवलेले ते पदक त्याच्या हाती पडले जन्मभूमीतच.

१८/
दुरुस्तीनंतर शामोनीतल्या त्या चार स्पर्धांचा हिशेब असा होतो : बारा पदकांपैकी नॉर्वे दहा, फिनलंड एक, अमेरिका एक. हाउगच्या नावावर तीन सुवर्णपदके आणि उडीत चौथा क्रमांक. नॉर्वेची एकूण पदके १७.

टोराल्फ स्ट्रोमस्टाड जानेवारी १९८४मध्ये वारला. त्यानंतर तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, वयाच्या ९५व्या वर्षी अँडर्स हाउगेन यांचे निधन झाले.

(थ्रेड समाप्त)